केडगावची कसोटी

न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. आज या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत आणि हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग आहे. घोडगंगा आणि भीमा-पाटस या सहकारी साखर कारखान्यांनी या भागाची ओळखच बदलून टाकली. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा पर्जन्यछायेतला, दुष्काळाच्या तोंडी असलेला मुलूख होता. पारगाव ओलांडून पुढे गेले की केडगाव लागते. तिथे लोहमार्गाजवळच्या उघड्या माळावर पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायकांची वसाहत उभी केली. मुक्ती मिशन या नावाने ती आजही चालू आहे. ख्रिस्ती मंडळींनी गरिबांच्या वस्तीत जाऊन सेवा करावी आणि सेवा करता करता आपला धर्मही सांगावा, हे योग्य की अयोग्य, हा वाद महाराष्ट्रात वारंवार पेटतो. त्या वादाचा निवाडा करायला आवश्यक तेवढा पुरावा या एका गावात आहे, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरणारा आहे.

वाद घालणारे बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबतात. किती जणांनी धर्म बदलला? आकडा मोठा असेल तर एका बाजूला तो आमिषाचा पुरावा वाटतो आणि दुसऱ्या बाजूला कार्याच्या यशाचा. मला दोघांचाही हिशेब चुकीचा वाटतो. उपाशी माणसाने भाकरीबरोबर देव स्वीकारला म्हणून त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. तशीच ती आपोआप खरीही ठरत नाही. मदत आणि धर्म एकाच हाताने दिले जातात तेव्हा पाहायचे ते हे, की मदत घेणारा माणूस मदत देणाऱ्याला ‘नाही’ म्हणू शकतो का? आज म्हणू शकत नसेल, तर उद्या म्हणता येईल अशी ताकद त्या मदतीतून त्याच्या अंगी येते का? येत असेल तर धर्म सांगण्यात गैर काही नाही. येत नसेल, उलट माणूस अधिकच मिंधा होत असेल, तर देणारा कोणत्याही धर्माचा असो, ती सेवा नव्हे. हा निकष बाहेरून आणून केडगावला लावण्याचीही गरज नाही, कारण रमाबाईंचे स्वतःचे आयुष्यच त्यावर घासून निघालेले आहे.

अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत भटकणाऱ्या कुटुंबात संस्कृत आत्मसात केले. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह ती चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि दोन वर्षे पुरती व्हायच्या आत तोही पटकीने गेला. १८८३ साली रमाबाई आपली लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. आसरा मिळाला वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या देशातली, विधवा, कडेवर मूल, गाठीला पैसा नाही. आमिषाला बळी पडण्याची व्याख्या जिला अचूक लागू पडावी अशी ही बाई. पुढे झाले ते मात्र या व्याख्येत बसत नाही. ज्यांच्या मठात राहत होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून सांगितले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये हा धर्माधिकाऱ्यांचा आग्रह त्यांना मुळीच रुचला नाही. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे विचारले. मांसाहार स्वीकारला नाही, लुगडे सोडले नाही. ख्रिस्त स्वीकारला पण इंग्लंडच्या चर्चने आपल्या सदसद्विवेकावर हुकूमत गाजवावी हे मान्य केले नाही. पुण्यात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ती का घेतली, हे या पत्रव्यवहाराकडे पाहिले की अधिकच उमजते. उपकाराखाली असूनही उपकारकर्त्याला नकार देता येतो, हे या बाईने करून दाखवले होते. विद्या हे त्याचे कारण. वाँटेजला पोचण्याआधीच ती त्यांच्याजवळ होती.

म्हणूनच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले, तेव्हा त्याची घडण विचारपूर्वक केलेली होती. पैसा अमेरिकेचा. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले होते, आणि शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही ही बोली होती. उच्चवर्णीय विधवांना जातीचे आचार पाळायची मुभा होती, स्वयंपाकही त्याप्रमाणे होई. ग्रंथसंग्रहात हिंदू धर्मग्रंथ होते तसे बायबलही होते. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. वाद पेटला तो त्या उघड्या दारावरून. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, सल्लागारांनी १८९३ साली राजीनामे दिले आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रकरणात आपल्याकडे एक तर रमाबाईंना फसवणुकीचा दोष दिला जातो किंवा पुण्याच्या सनातन्यांना सगळा दोष देऊन मोकळे होतात. मला वाटते, सल्लागारांच्या तक्रारीत तथ्य होते. ज्या घरात मुलगी जेवते, झोपते, शिकते, त्या घराच्या मालकिणीच्या खोलीचे दार कधीच नुसते दार नसते. जिच्यावर जीव जडला, जिने विद्या दिली, ती डोळे मिटून प्रार्थना करते आहे हे पाहणे हासुद्धा एक धर्मोपदेशच आहे. तटस्थतेचे वचन दिल्यावर एवढे भान ठेवायला हवे होते. पण याच तक्रारीची दुसरी बाजू अशी की, आपल्या खोलीत आपल्या देवाची प्रार्थना दार लावूनच कर असे कोणत्याही बाईला सांगण्याचा अधिकार सल्लागार मंडळालाही नव्हता. आणि खरी परीक्षा तर मुलींची होती. गोदूबाई ही सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. ती तिथे राहिली, शिकली, रमाबाईंवर तिने मनापासून माया केली आणि हिंदू राहिली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला आणि ज्यातून महिला विद्यापीठापर्यंतची वाट निघाली, त्याच्यापुढे शारदा सदनाचा नमुना होता. ख्रिस्ती बाईने अमेरिकन पैशावर चालवलेल्या घरातून शिकून बाहेर पडलेली मुलगी ‘नाही’ म्हणू शकली आणि त्या नकारातून हिंदू समाजातच एक मोठे काम उभे राहिले. शारदा सदनाच्या बाजूने यापेक्षा मोठी साक्ष मला दिसत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या मुलींची यादी कितीही लांबवली तरी तिला हे वजन येणार नाही.

खरा कठीण प्रश्न केडगावचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या बाईला तिथे काय दिसले असेल ते सांगायला नको. सरकारी मदत छावण्यांत एकट्या मुलींचे काय हाल होतात, त्यांना कोण हेरून नेते, हे त्यांनी पाहिले आणि लिहिलेही. त्यांनी मुली आणल्या, तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, आणि त्या साऱ्याजणींना घेऊन केडगावच्या माळावर जाणे भाग पडले. आधी तंबू आणि झोपड्या, मग दगडी इमारती. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वसाहत दीड हजारांच्या वर गेली. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचे होते. इथे कोणत्याही जातीची मुलगी कोणत्याही जातीच्या मुलीशेजारी जेवायला बसली. आणि इथे तटस्थतेचे वचन नव्हते. केडगाव पहिल्यापासून उघडउघड ख्रिस्ती होते.

आक्षेप घेणारे विचारतात, आणि विचारायलाच हवे, की आठ वर्षांच्या पोरक्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलीपुढे कसली निवड होती? जिने तिला उचलले तिचा देव तोच तिचा देव. याला धर्मस्वातंत्र्य म्हणता येईल का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्या क्षणी ती निवड नव्हती. पण या उत्तरापाशी थांबणाऱ्याने आणखी एका प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. त्या मुलीपुढे दुसरा कोणता पर्याय होता? १८९३ साली पंचवीस मुलींना परधर्माच्या छायेतून सोडवायला पुणे शहर धावले. तीन वर्षांनी दुष्काळी छावण्यांतल्या शेकडो मुलींसाठी त्या मानाने किती जण धावले? काही अनाथालये निघाली, आर्य समाजाने उत्तरेत काम केले, हे नमूद केलेच पाहिजे. पण खालच्या मानलेल्या जातींच्या, घर नसलेल्या, कदाचित कुणी नासवलेल्या मुलीला आपल्या पंगतीत घेणारी घरे विरळा होती. रमाबाईंनी अशा बायकांसाठी कृपासदन वेगळे काढले, अंध मुलींसाठी वेगळी सोय केली, त्यांना ब्रेल शिकवले. ज्या मुलीवर समाजाने हक्क सोडला होता, तिच्या धर्मावर मात्र त्याच समाजाने हक्क सांगावा, हे मला न्यायाचे वाटत नाही.

तरीही मुलीला वाचवले म्हणून तिच्या मनावर मालकी मिळत नाही. म्हणून कसोटीचा दुसरा भाग लावायचा. त्या घराने तिच्या हाती काय दिले? केडगावात शेती होती, गोठा होता, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, धुलाई होती. छापखाना होता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिशाच्या खिळ्यांनी देवनागरी जुळवणे हे किती किचकट काम असे याची कल्पना आजच्या संगणकाच्या पडद्यावरून येत नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. देवनागरीत पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने-मात्रा, रफार, उकार, या सगळ्यांचे खिळे वेगळे आणि त्यांची घरे वेगळी. जुळारी उभा राहून शेकडो घरांतून एकेक खिळा उचलतो आणि ओळ उलटी वाचत पट्टीत बसवतो. त्या काळी हे पुरुषांचे काम समजले जाई. केडगावात ते मुली करत होत्या. कालपर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुली खिळे जुळवत, छापत, मुद्रिते तपासत, पाने दुमडून शिवत, बांधणी करत. रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणायचे ठरवले, त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि ते सारे काम याच छापखान्यात झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर अनुवादाचे काम जवळपास हातावेगळे झाले होते आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. त्या काळच्या महाराष्ट्रात एवढा मोठा ग्रंथ बायकांनी मूळ भाषांतून आणून, जुळवून, छापून, बांधून काढल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. वाचता येणारी, रोजगाराचा हुन्नर हातात असलेली बाई फाटकाबाहेर पाऊल टाकू शकते. तिने टाकले नाही तर ते तिचे राहणे होते, अडकून पडणे नव्हे.

यावर कुणी म्हणेल, छापले ते बायबलच ना? हुन्नर दिला, पण त्या हुन्नराने घडले ते धर्मकार्यच. हा आक्षेप पुरता खोडता येत नाही आणि खोडण्याचा अट्टहास मी करणार नाही. १९०५ साली केडगावात जे धार्मिक ‘संजीवन’ झाले त्याच्या नोंदी वाचताना हाच आक्षेप अधिक बोचतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रार्थनेसाठी मंडळे निघाली आणि जूनअखेरीस शेकडो मुली रडत, थरथरत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. नंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल पंथाच्या इतिहासात या घटनेला मानाचे पान आहे. केडगावात काम करणाऱ्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी तिचा वृत्तान्त परदेशी पोचवला. मी त्या मुलींच्या अनुभवाला खोटे म्हणत नाही. पण एका आवारात राहणाऱ्या, दुसरे घर नसलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये, भोवतालच्या साऱ्याजणींना जे झाले ते मला का होत नाही ही धास्ती किती जबर असेल, याचा विचार त्या काळच्या भाविक वृत्तान्तांत आढळत नाही. ज्या रमाबाई वाँटेजला ‘मला पटत नाही’ म्हणू शकल्या, त्यांच्याच आवारात तसे म्हणणाऱ्या मुलीला किती जागा होती? शारदा सदनाच्या मानाने ती कमी होती, असेच माझे मत आहे. एक गोष्ट मात्र केडगावच्या बाजूने मांडली पाहिजे. इथे लपवाछपवी नव्हती. दारावर जी पाटी होती तेच आत चालले होते. आत येणाऱ्या प्रौढ बाईला आपण कुठे येतो आहोत हे ठाऊक होते. १८९३ चा कटू अनुभव घेऊन रमाबाईंनी हा धडा घेतला असावा, आणि तो बरोबर होता.

परकी मदत हा या वादातला सर्वांत जुना मुद्दा. डॉलर देणारा डॉलरबरोबर निष्ठाही विकत घेतो, हा समज सर्वत्र लागू पडत नाही, हे केडगावनेच दाखवले. १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात आणि छावण्यांत बायकांची जी विटंबना झाली, तिच्याबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये खणखणीत पत्र लिहिणारी बाईही हीच. त्यांच्या घरातल्या एका मुलीची त्या इस्पितळात परवड झाली होती. ते पत्र विलायतेपर्यंत गाजले आणि सरकारला त्यावर खुलासा करावा लागला. प्लेग अधिकारी रँडसाहेबाचा अंमल चालू असताना, स्वतः ख्रिस्ती असून, गोऱ्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांना जाब विचारायला धैर्य लागते. देणगी कुठून येते हे तपासावे, हिशेब मागावा, तो सरकारचा हक्क आहे. पण देणगी परक्या मुलखातली म्हणून माणूस परका, हा निष्कर्ष काढायला पुरावा लागतो आणि रमाबाईंच्या बाबतीत पुरावा उलट आहे.

दुसरी भीती संख्येची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला स्थिरावले, १८४० च्या दशकात शिरूरला त्यांचे ठाणे पडले. शाळा, दवाखाने, औद्योगिक शिक्षण, दुष्काळी अनाथालये, सगळे झाले. दौंडला आल्बर्ट नॉर्टन यांनी दुष्काळी मुलग्यांसाठी घर काढले. दोनशे वर्षांच्या या खटपटीनंतर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत आहेत, आणि त्यातही वसई-मुंबईकडचे पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक मोठ्या संख्येने आहेत. त्यातून आमिषाचे गणितही उलटे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. शिरूर-दौंडच्या वस्तीतला मांग किंवा महार समाजातला तरुण बाप्तिस्मा घेऊन कागदोपत्री तसे नोंदवतो, तेव्हा त्याची अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा, अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण हे सारे जाते. एवढे गमावून माणूस जे घेतो त्याला निव्वळ आमिष म्हणणे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

आपल्या घटनेने हा प्रश्न डोळे उघडे ठेवून सोडवला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत धर्मप्रचाराचा हक्क काढून टाका अशी जोरदार मागणी झाली. लोकनाथ मिश्र तिचे कडवे पुरस्कर्ते होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आपण ख्रिस्ती संस्थांत चौदा वर्षे शिकलो आणि आपल्याला कुणी धर्म बदलायला लावले नाही, असे सांगून उलट बाजू मांडली. हक्क अनुच्छेद २५ मध्ये राहिला. पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा स्पष्ट केली. आपला धर्म सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. काही ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल संकुचित वाटतो. मला तो या लेखातल्या कसोटीच्या जवळचा वाटतो, कारण त्यात अखेरचा शब्द ऐकणाऱ्याचा आहे.

आता आजच्या गोष्टीकडे वळू. न्हावरे, पाटस, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यात गरिबी नव्या रूपात आली आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि कोपीतल्या पोरांची शाळा सुटते. औद्योगिक वसाहतींभोवती पत्र्याच्या खोल्यांत परप्रांतीय मजूर दाटीवाटीने राहतात. महाराष्ट्रात अशा अनेक वस्त्यांत आज छोटी ख्रिस्ती प्रार्थना-मंडळे जातात. गाणी म्हणतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात, दारू सोडायला बळ देतात, कधी वह्या-पुस्तके देतात. अशा मंडळांपाशी केडगावसारखा छापखाना नसतो, शाळा नसते. देण्यासारखे बहुधा प्रार्थनाच असते, आणि धोका इथेच आहे. ‘प्रार्थनेने आजार जातो’ या वाक्याच्या मागे ‘म्हणून औषध थांबव’ हे वाक्य आले, की ती सेवा संपली आणि घात सुरू झाला. क्षयाच्या रुग्णाने गोळ्या मधेच सोडल्या तर तो स्वतः दगावू शकतो आणि घरच्यांनाही क्षय देऊ शकतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या भोंदूगिरीला सारखाच लागू आहे आणि तो निरपवाद लागू व्हावा.

याच्या उलट टोकाला जामखेड आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात गेले. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित अशा बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठ, क्षय यांचे ज्ञान डॉक्टरच्या खोलीतून काढून त्यांच्या हाती दिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. ते कोणाच्या प्रेरणेने आले हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि ज्या बाईने ती प्रेरणा घेतली नाही तिच्या हातातले ज्ञान त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही. श्रद्धावंताला सेवा करताना मुके राहायला सांगणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या सेवेचे मूळच त्या श्रद्धेत असते. त्याच्याकडून मागायचे ते एवढेच, की दिलेले काही परत घेण्याची तजवीज त्याने ठेवू नये.

हीच कसोटी इतरांनाही लागू केली पाहिजे, नाहीतर ती फक्त ख्रिस्त्यांना झोडपायची काठी होईल. ऊसतोडणीसाठी मुकादम जी उचल देतो, तिच्यामुळे नवरा-बायकोचा कोयता सहा महिने बांधला जातो. ती फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो. त्या जोडप्याला मुकादमाला ‘नाही’ म्हणता येत नाही. निवडणुकीआधी वस्तीत वाटल्या जाणाऱ्या भेटीला, सणावारी जेवण घालून वर जात विचारणाऱ्याला, देवस्थानच्या नावाने वर्गणी उकळणाऱ्याला त्या वस्तीतला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो का? गरिबाच्या धर्माची चिंता करणाऱ्यांपैकी त्याच्या उचलीची चिंता करणारे फार थोडे दिसतात. परधर्माचा माणूस वस्तीत पोचला याचा राग येणाऱ्यांनी आधी हे पाहावे, की आपण तिथे किती वेळा पोचलो. रमाबाईंना उत्तर कर्व्यांनी दिले. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, दुसरे घर बांधले. महाराष्ट्रात या वादाला दिलेले ते सर्वांत सभ्य आणि सर्वांत टिकाऊ उत्तर ठरले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या फडात उतरू लागल्या असतील. प्रार्थना-मंडळांच्या लोकांना माझी विनंती आहे, की कोपीत जाल तेव्हा आपण कोण आहोत हे पहिल्या दिवशीच सांगा, आजाऱ्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि तुमच्या सभेला न येणाऱ्या घरातल्या पोरालाही तीच पाटी-पुस्तके द्या. त्यांना विरोध करणाऱ्यांनी यंदाच्या हंगामात आपल्या गावाच्या हद्दीतल्या कोप्यांत किती पोरे आहेत ते मोजावे आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी त्यांची नावे हजेरीपटावर चढवून घ्यावीत.